शांत आणि शांती करणारा

मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन (5:9) लॅटिनमध्ये वाचताना, वाचकहो, मी नेहमी 'पाकिफिकी' या शब्दापाशी थबकतो. 'पाकिफिकुस' या विशेषणाचे हे पुल्लिंगी अनेकवचन. सोबत नाम नाही. आपण 'गरिबांना' म्हणतो त्याप्रमाणे विशेषणच नामाचे काम करते. फोड सोपी आहे. 'पाक्स' म्हणजे शांती, 'फाकेरे' म्हणजे करणे. मूळ ग्रीक शब्दही असाच जोडशब्द असून संपूर्ण नव्या करारात तो एकदाच आढळतो. आपल्या मराठी बायबलातील 'शांती करणारे' या शब्दांत ते क्रियापद जपले गेले आहे, हे बरे झाले.

परंतु शब्द व्युत्पत्तीच्या आज्ञेत राहत नाहीत. याकोबाच्या पत्रात (3:17) वरून येणाऱ्या ज्ञानाला लॅटिनमध्ये हेच विशेषण लावले आहे. ग्रीकमध्ये तेथे निराळा शब्द आहे, त्याचा अर्थ शांतिप्रिय. उत्पत्तीच्या 42व्या अध्यायात योसेफाचे भाऊ आपण 'पाकिफिकी' म्हणून आलो आहोत असे सांगतात. भावाला विकणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द! आणि 1520 साली मॅगेलनला लाभलेला पॅसिफिक समुद्र तर केवळ वादळ नव्हते म्हणून 'शांत' ठरला. भांडण न करणारा आणि भांडण मिटवणारा, अशी दोन माणसे या एका शब्दात राहतात.

पहिला होणे मला सोपे गेले. आमच्या मंडळीतील दोन सख्ख्या भावांत घराच्या वाटणीवरून तंटा झाला. दोघेही माझ्याकडे आले. मी दोघांसोबत प्रार्थना केली आणि आपण कोणाच्याच बाजूचे नाही असे सांगितले. धाकट्याचे म्हणणे खरे होते, हे मी कागद पाहून जाणत होतो. थोरल्याला तसे सांगितले असते तर त्याचा माझ्यावर रोष झाला असता. संत ऑगस्टीन यांनी 'पाकिफिकी' म्हणजे आपल्या अंतःकरणातील विकार ताब्यात ठेवणारे, असाही अर्थ लावला आहे. तो खोटा नाही. मी मात्र त्याचा आडोसा केला.

कलस्सैकरांस पत्रात (1:20) ख्रिस्ताविषयी याच घडणीचे क्रियापद येते, 'पाकिफिकान्स', आणि त्याला लागूनच वधस्तंभावरील रक्ताचा उल्लेख आहे.

थोरले बंधू पुढे वारले. अंत्यविधीच्या दिवशी धाकटे फाटकाबाहेरच उभे राहिले. उपासनेनंतर ते मला आजही आदराने नमस्कार करतात. आमचे दोघांचे कधी भांडण झालेले नाही.