आईवडिलांचे आजारपण आणि आपली प्रार्थना



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातो. कुणाची आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, तर कुणाच्या आजीला स्वतःच्या मुलाचे नावही आठवत नाही. प्रार्थना आटोपल्यावर मुलगा किंवा सून आम्हांला दारापर्यंत सोडायला येते आणि हळूच विचारते, "फादर, नोव्हेना झाली, वेलंकनी माऊलीला नवस झाला, रोज रात्री रोझरी होते. मग देव ऐकत का नाही?"

हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. ज्याचा देवावर विश्वास नाही, तो देवाकडे गाऱ्हाणे घेऊन जातच नाही. प्रभू येशूनेही गेथशेमनी बागेत पित्याला विनवले की, हा दुःखाचा प्याला टळावा. मनातली इच्छा त्याने लपवली नाही. मात्र ती बोलून झाल्यावर त्याने स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवले. तो प्याला टळला नाही. तरीही इब्री लोकांस लिहिलेले पत्र (5:7) सांगते की, त्याची प्रार्थना ऐकली गेली. पित्याने त्याला मरणाच्या अलीकडे थांबवले नाही, मरणाच्या पलीकडे नेले. ऐकले जाणे आणि मागितले तेच मिळणे, या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात.

13व्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा खोलवर विचार केला आहे. ते म्हणतात, देवाचा बेत बदलावा म्हणून आपण प्रार्थना करत नाही. देवाने जे प्रार्थनेच्या द्वारे द्यायचे ठरवले आहे, ते आपल्या पदरी पडावे म्हणून करतो. नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. "मी एवढे केले, आता तू आईला बरे कर," असा हिशेब मांडला की आईची प्रकृती ढासळताच आपला विश्वासही ढासळतो. बरे होण्यासाठी अवश्य मागावे, अगदी हट्टाने मागावे. पण देवाला अट घालू नये.

आणि प्रार्थना करतो म्हणून औषध थांबवू नये. बेनसिराच्या ग्रंथाचा 38वा अध्याय प्रार्थना करायला सांगतो आणि त्याचबरोबर वैद्याला त्याचा मान देऊन त्याला जागा करून द्यायलाही सांगतो, कारण वैद्य आणि औषधी दोन्ही परमेश्वरानेच निर्माण केली आहेत. प्रार्थनासभेला नेले म्हणून वडिलांचे इन्सुलिन बंद करणे हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय.

काही आजारी माणसे स्वतः प्रार्थना करू शकत नाहीत. त्यांचे काय? संत मार्कच्या शुभवर्तमानात (2:1-12) चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उघडून त्याला येशूपुढे खाली सोडतात. तो आजारी माणूस तोंडातून एक शब्दही काढत नाही. येशू त्यांचा विश्वास पाहतो. आईला 'हे आमच्या बापा' आठवत नसेल, तर तिच्या उशाशी बसून आपण ते म्हणावे. लहानपणी तिनेच आपले बोट धरून कपाळावर क्रूसाची खूण करायला शिकवले होते. आता तिचा हात धरून ती खूण आपण करावी.

त्या खाटेला चार जण लागले, हेही विसरू नये. आमच्या पाहण्यात अनेक घरांत सगळा भार एकाच सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर पडतो. बाकीचे भाऊ-बहीण रविवारी येतात, सफरचंदे ठेवतात आणि काळजी कशी घ्यावी याचा सल्ला देऊन जातात. जो गल्फमध्ये आहे त्याने औषधांचा खर्च उचलावा आणि रोज फोन करावा. जो जवळ आहे त्याने आठवड्यातून एक रात्र जागून काढावी. वाटणीपत्राच्या वेळी सगळ्यांना आठवणारा हिस्सा सेवेच्या वेळीही आठवायला हवा.

आता रुग्णाभ्यंग संस्काराविषयी. "फादरांना बोलावले तर आई घाबरेल, आताच नको," असे म्हणून अनेक कुटुंबे थांबतात आणि आम्हांला बोलावणे येते तेव्हा आजारी बेशुद्ध असतो, कधी प्राणही गेलेला असतो. त्यानंतर आम्ही प्रार्थना करू शकतो, हा संस्कार देऊ शकत नाही. हा केवळ मरणाच्या दारातील माणसाचा संस्कार नव्हे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट केले आणि पोप पॉल सहावे यांनी 1972 साली त्याचा विधी त्यानुसार सुधारला. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, किंवा वार्धक्याने शरीर फार थकले असता तो घेता येतो आणि प्रकृती पुन्हा गंभीर झाल्यास पुन्हाही घेता येतो. आई शुद्धीवर असताना, पापनिवेदन करून, मुला-नातवंडांच्या सोबतीने तिने हा संस्कार घ्यावा. तिला भीती नव्हे, बळ मिळते.

शेवटी एक अवघड प्रश्न. डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" मुले एकमेकांकडे पाहतात. नाही म्हटले तर आपण बापाला मारले, असे तर होणार नाही ना? ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की, मृत्यू घडवून आणणे कधीही योग्य नाही. पण ज्या उपचाराने गुण येण्याची आशा उरलेली नाही आणि केवळ यातना लांबतात, तो नाकारणे म्हणजे हत्या नव्हे. पोप पायस बारावे यांनी 1957 साली डॉक्टरांशी बोलताना हे सांगितले होते. मात्र स्वच्छता, वेदनाशमन, शरीर घेऊ शकेल तोवर अन्न-पाणी आणि आपली सोबत, ही कधीही थांबवू नयेत. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, आजाऱ्याची स्वतःची इच्छा विचारावी आणि मग शांत मनाने निर्णय घ्यावा.

387 साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात संत मोनिका तापाने आजारी पडली. परक्या भूमीत मरण नको, असे तिच्या एका मुलाला वाटत होते. ती म्हणाली की, हे शरीर कुठेही पुरा, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. नवव्या दिवशी ती गेली. संत ऑगस्टीनने आधी अश्रू आवरून धरले आणि नंतर एकांतात देवापुढे ते वाहू दिले. ज्या आईने त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रडून प्रार्थना केली, तिच्यासाठी रडण्यात त्याला अविश्वास वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.

या आठवड्यात आपल्या वाडीतील एका आजाऱ्याच्या घरी जाऊन या आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला तासभर विश्रांती द्या. घरी कुणी आजारी असल्यास नाव पॅरिश ऑफिसात कळवा. रात्री-अपरात्री बोलवायला संकोच करू नका.

हे प्रभू, ज्यांनी आम्हांला चालायला शिकवले, त्यांचे पाय आता थकले आहेत. त्यांना बरे कर. आणि त्यांची तुझ्याकडे येण्याची वेळ झाली असेल, तर त्यांचा हात तुझ्या हाती देण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.

– आपले धर्मगुरू