दिसणारा अदृश्य

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकात अदृश्यतेचे परिणाम दोन कलमांत दिले होते. पहिले असे की, जादू किंवा विशेष इंद्रिय असल्याशिवाय अदृश्य पात्र दिसत नाही. दुसरे असे की, त्याच्यावर वार करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. तो स्वतः वार करील तेव्हा जास्त आकडा. आता एखाद्याने अदृश्य ते दिसावे म्हणून मंत्र म्हटला, तर पहिले कलम गळाले. पण दुसऱ्यात पाहण्याचा शब्दच नाही. ‘मला तो लख्ख दिसतोय!’ खेळाडू म्हणतो. ‘दिसू दे. फासा दोनदाच टाक,’ पंच म्हणतो.

हे हास्यास्पद वाटते, पण खेळाचे तेव्हाचे प्रमुख नियमकर्ते जेरेमी क्रॉफर्ड यांनीही शब्दाचीच बाजू घेतली होती. मीमांसक विचारतील की, अशाने मंत्र निरर्थक ठरत नाही का? अगदी तसे नाही. लक्ष्य दिसल्याशिवाय ज्या जादू चालत नाहीत, त्या तरी चालू लागतात. शब्दनिष्ठांकडे उत्तर असते, नेहमीच असते.

आमच्या टेबलावर पंच मी होतो. माझ्या मैत्रिणीने आपली पाळी खर्चून तो मंत्र म्हटला. मी मान डोलावली. पुढच्या पाळीला तिने वार केला तेव्हा मी दुसरे कलम काढले. कमी आकड्याने वार चुकला, आणि दोन वर्षे सांभाळलेले तिचे पात्र त्याच लढाईत मेले.

माझा अर्थ चुकीचा नव्हता, असे मला अजूनही वाटते. उलटा अर्थही चुकीचा नव्हता. नियम संदिग्ध असला की कोणीतरी एक बाजू निवडावी लागते, आणि पंच त्यासाठीच असतो. खटकते ते वेगळेच. दार कुठे उघडते, राक्षस कशाला भितो, ही जगाची गुपिते आहेत. ती पंचाने राखावीत, त्यातच मजा आहे. पण मंत्राचा अर्थ हे गुपित कसे? ज्या जादूगारणीने तो शिकून घेतला, तिला तो काय करतो हे ठाऊक असणारच. तिच्या वतीने खेळणारीला मात्र मी ते फासा हातात घेतल्यावर सांगितले.

२०२४च्या आवृत्तीत नियम बदलला: ज्याला अदृश्य पात्र दिसते, त्याच्याविरुद्ध तो फायदा मिळत नाही. हे तिला कळवले. ती म्हणाली, ‘ते राहू दे. मी मंत्र म्हटला तेव्हा दुसरं कलम तुझ्या लक्षात होतं का?’

होते.