कारणदोष

विमानाचं नाक धातूचं असतं अशी बहुतेकांची समजूत असते. पण टोकाची टोपी, म्हणजे रेडोम, काचतंतूंची असते. तिच्यामागे हवामानाचं रडार असतं आणि त्याच्या लहरी धातूतून पार होत नाहीत. रंगाचा थर जाड झाला तरी चालत नाही. थोडं मागे, वैमानिकाच्या खिडकीखालच्या अंगाला, पुढे तोंड केलेल्या बोटभर पिटो नळ्या असतात. समोरची हवा नळीत अडते; तिचा दाब आणि बाजूच्या छिद्रांतला स्थिर दाब यांच्या फरकावरून वेग कळतो. माझी नोकरी या नळ्यांची निगा राखण्यात गेली. आता पार्ल्यात एका शास्त्रीबुवांकडे मीमांसा शिकायला जातो.

तिथे प्रामाण्यवाद निघाला तेव्हा मी सावरून बसलो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, प्यायल्यावर तहान भागली, तर ते पाणीच होतं. मीमांसक कुमारिल भट्टांना हे मान्य नाही. तपासणाऱ्या ज्ञानाला कोण तपासणार, आणि त्याला कोण? ज्ञान झालं की ते आपलं आपणच प्रमाण. ते खोटं ठरतं दोनच कारणांनी: विरुद्ध ज्ञान येऊन बाध झाला, किंवा ज्या साधनाने कळलं त्यातच दोष सापडला. या दुसऱ्याला म्हणायचं कारणदोष.

मला पुएर्तो प्लाता आठवलं. ६ फेब्रुवारी १९९६, डोमिनिकन प्रजासत्ताक, बोइंग ७५७. नळ्यांवर कव्हरं नसताना विमान जमिनीवर उभं राहिलं होतं. कप्तानाच्या बाजूच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असावं, असा अंदाज आहे. अंदाजच, कारण विमानाबरोबर समुद्रात गेलेल्या नळ्या कधी वर आल्याच नाहीत. धावपट्टीवरच कप्तानाला कळलं की आपला वेगाचा काटा चालत नाही. सहवैमानिकाचा चालत होता. तरीही उड्डाण झालं.

पुढचा भाग मला फार अस्वस्थ करतो. विमान चढू लागलं आणि मेलेला काटा हलू लागला. नळीत कोंडलेला दाब तसाच राहिला, उंचीबरोबर बाहेरचा कमी होत गेला, फरक वाढला. काटा वेग म्हणून उंचीच दाखवत होता. ऑटोपायलट कप्तानाच्याच बाजूचं ऐकत होता. वेग फार झाला असं समजून त्याने नाक वर उचललं. खरा वेग उतरत गेला आणि विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. कुमारिलांच्या हिशेबानेही त्या काट्यावरचा विश्वास धावपट्टीवरच संपायला हवा होता. दोष आधीच दिसला होता; काटा नंतर पटण्यासारखं बोलू लागला म्हणून दोष जात नाही.

नैयायिकांचा मार्ग, पडताळा, आम्ही विमानात बसवलेला आहेच: एकाऐवजी तीन नळ्या. पण २००९ साली एअर फ्रान्सच्या रिओ–पॅरिस विमानात त्या सगळ्याच बर्फाच्या कणांनी तुंबल्या. कोरडे बर्फकण रडारलाही नीट दिसत नाहीत. तीन साक्षीदारांना एकच बाधा झाली तर बहुमत काय कामाचं? अशा वेळी वैमानिकाला शिकवलेलं असतं की काटा सोड, नाक किती अंशांवर आहे आणि इंजिनाला किती जोर दिलाय ते बघ. त्यावरून वेग कळतो. हे शुद्ध अनुमान आहे, व्याप्तीसकट, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ संबंधासकट. त्या रात्री ते झालं नाही.

शास्त्रीबुवांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, “म्हणूनच आम्ही वेदाला अपौरुषेय म्हणतो. कर्ताच नाही, तर दोष कुठून येणार?”

मी म्हटलं, “बुवा, हवेलाही कर्ता नव्हता. हवा खरीच होती. माती नळीत होती. वेद आणि मी यांच्यामध्ये किती नळ्या आहेत? पाठ करणारे, अर्थ सांगणारे, माझे कान.”

“म्हणूनच तर मीमांसा लागते,” ते हसून म्हणाले. “वाक्याचा अर्थ कसा लावायचा, याचेच तर नियम आहेत हे सगळे.”

उत्तर चोख होतं. तरी मला ते पुरतं पटलेलं नाही, कारण ते नियमही माणसांनीच केले, आणि त्यांची तपासणी करणारा माणूस कुठल्या हँगरमध्ये बसतो, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.