बऱ्या झालेल्या लेकराची भूक

शास्त्रपाठ : मार्क ५:३५–४३



याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची कन्या मरण पावली होती. घरात आक्रोश चालला असता प्रभू आत गेला, त्याने तिचा हात धरला, आणि ती उठून चालू लागली. आपण उपदेशक बहुधा येथेच पुस्तक मिटतो. शुभवर्तमानकार मात्र येथे थांबत नाही. सर्व लोक विस्मयाने थक्क झाले असता, तिला अन्न द्यावे असे प्रभूने घरच्यांस सांगितले, हेही त्याने नोंदून ठेवले आहे. आनंदाच्या भरात आईबापांना जे सुचले नाही, ते प्रभूला सुचले.

ज्याने तिला मरणापासून सोडविले, त्याला तिची भूक भागविणे अशक्य होते काय? मुळीच नाही. तथापि ते काम त्याने घरच्यांवर सोपविले. जीवन प्रभूने दिले. भाकर मात्र घरच्यांनी आणावयाची होती. या लहानशा आज्ञेत किती खोल ज्ञान आहे, हे आपल्या शेजारच्या बांगलादेशात झालेल्या संशोधनावरून आपणास चांगले समजून येते. म्हणून आज त्याविषयी दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ही की, रोग आणि भूक ही जोडीने घरात शिरतात. हगवण लागलेल्या लेकराच्या देहातून पाणी व क्षार निघून जातात, त्याची भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही. मग क्षीण झालेल्या देहाला पुढच्या रोगाशी झुंजण्याचे बळ राहत नाही, आणि तो रोग लवकर येतो व अधिक दिवस मुक्काम करतो. अशा रीतीने एक दुसऱ्याला हात देतो.

ढाका शहरात १९६० साली पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, संशोधनासाठी एक प्रयोगशाळा निघाली. १९७८ पासून ती अतिसार रोगाचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र झाली आहे. पटकीने जर्जर झालेले आतडे नुसते पाणी धरून ठेवीत नाही. परंतु पाण्यात मीठ व साखर योग्य प्रमाणात असली तर साखरेबरोबर मीठ व त्यामागे पाणी देहात शोषले जाते. १९६८ साली डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी रोग्यांस असे पाणी पाजून ही गोष्ट ढाक्यात सिद्ध केली. पुढे १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित बंगालच्या सरहद्दीवर आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पुड्या करवून ते पाणी रोग्यांच्या नातलगांच्याच हाती दिले. पूर्वी शंभरांतील सुमारे तीस रोगी मरत; त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण चारांहून खाली आले. त्यानंतर १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या स्त्रियांनी खेडोपाडी फिरून सव्वा कोटीच्या जवळपास घरांत चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करावयास मातांना शिकविले. शिकविणारीला वेतन मिळे ते आईच्या ध्यानात किती राहिले त्यावर! आपण उपदेशकांनी या मापाने आपले उपदेश मोजले तर काय दिसेल?

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हगवण थांबली, लेकरू दवाखान्यातून घरी आले, खाऊ लागले. तरी पुष्कळ लेकरे वाढत नाहीत. असे का व्हावे? ढाक्याचे डॉ. ताहमीद अहमद व अमेरिकेतील जेफ्री गॉर्डन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह याचा शोध केला. आपल्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात, आणि लेकरू वाढते तसा त्यांचा समुदायही प्रौढ होत जातो. अतिशय कुपोषित बालकांत हा समुदाय वयाच्या मानाने अपक्व राहतो, आणि नेहमीच्या उपचाराने तो सुधारला तरी ती सुधारणा टिकत नाही, असे २०१४ साली त्यांनी दाखविले. मग या सूक्ष्म जीवांस पोसील असे अन्न कोणते, हे त्यांनी धीराने शोधले. ते कोणते निघाले? हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी! ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील १२ ते १८ महिन्यांच्या १२३ कुपोषित बालकांवर तीन महिने परीक्षा झाली. तिचे फळ २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रचलित पूरक आहारापेक्षा या आहारात उष्मांक कमी असताही त्याने बालकांचे वजन अधिक वेगाने वाढले.

हा आहार मोजून-मापून तयार केलेला आहे. घरी शेंगदाणे कुटून तसाच होईल असे कोणी समजू नये. परंतु ज्या दाण्यांना आपण गरिबाचे खाणे म्हणून हलके लेखतो, त्यांतच परमेश्वराने केवढी दया साठवून ठेविली आहे, हे पाहून आपण नम्र व्हावे.

आता मला एक कबुली देणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वाडीवर हगवणीने आजारी असलेल्या बालकासाठी प्रार्थना करण्यास मला बोलाविले. पाणी दिले तर हगवण वाढेल, या समजुतीने घरच्यांनी त्याचे पाणी तोडले होते. मी गुडघे टेकून मनापासून प्रार्थना केली आणि परत आलो. लेकराच्या ओठांकडे मी पाहिले, पण त्याला पाणी पाजता काय, एवढा एक प्रश्न विचारला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या मूठमातीस मी उभा होतो, आणि देवाची इच्छा असे मी त्या आईला सांगितले. बंधूंनो, ती देवाची इच्छा नव्हती. ते माझे अज्ञान होते. त्या माउलीला मी दोष देत नाही. तिला कोणी शिकविले नव्हते, आणि ज्याने शिकवावयाचे तो डोळे मिटून बसला होता.

म्हणून प्रार्थना सोडा असे मी सांगत नाही. प्रार्थना करा, आणि प्रार्थनेनंतर प्रभूने याईराच्या घरी जी आज्ञा केली ती पाळा. लेकराला हगवण लागली तर पाणी तोडू नका. जलसंजीवनीची पुडी सांगितल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अधिक होऊ देऊ नका. अंगावरचे दूध चालू ठेवा, खाणे बंद करू नका, आणि आरोग्यसेविका देईल ती झिंकची गोळी सांगितले तितके दिवस द्या. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा पाणी पोटात ठरेना, तर दृष्ट काढीत बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर तोही धोका समजा आणि अंगणवाडीत विनाविलंब कळवा.

आणि उपदेशक बंधूंनो, आजाऱ्याच्या घरून परतण्यापूर्वी उंबऱ्यावर थांबून एक प्रश्न विचारावयाचा नेम करा: लेकराने आज काय खाल्ले, काय प्याले? आजार उतरल्यावर आठ दिवसांनी पुन्हा जा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. बरे झालेल्या लेकराची भूक प्रभूला आठवली. त्याच्या सेवकांनी ती विसरावी हे शोभत नाही.

ज्याने लेकराचा हात धरला, तो आपले हातही धरो, आणि त्या हातांत भाकर व पाणी देवो. आमेन.