यंत्र स्वस्थ असतं तेव्हा

खिडकीशी बसा.

नवी मुंबईतल्या सारसोळ्याची दुपार आहे. पाम बीच रस्त्यावरून गाड्या जाताहेत. त्यांची घरघर इथवर येते आणि विरते. रस्त्यापलीकडे खारफुटी, मग जेट्टी, मग खाडी.

पाणी इथून दिसत नाही. पण हवेला चिखलाचा वास आहे, म्हणजे ओहोटी असणार.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर जुना लॅपटॉप आहे. झाकणाच्या बिजागरीवरून बोट फिरवा. स्क्रूच्या खाचेत गंज धरलाय, खाऱ्या हवेत धरतोच. काही बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसली आहेत.

चार्जर लावून ठेवा. या वयाच्या बॅटरीवर भिस्त नको.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय हवी, नव्या पिढीतला प्रोसेसर हवा. या लॅपटॉपकडे ते नाही. म्हणून तो कपाटावर गेला होता. बिघडला म्हणून नव्हे.

एवढं लक्षात असू द्या. आणि सोडून द्या.

पेन ड्राइव्ह लावा. त्यावर लुबंटू असेल किंवा अँटीएक्स, दोन्ही लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या. लाइव्ह चालवा, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच. डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. अजून काही ठरवायचंही नाही.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकतात. वाचू नका. जाऊ द्या.

तळहात टचपॅडच्या शेजारी टेकवा. आत जुनी फिरती डिस्क असेल तर बारीक थरथर लागते. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद. मोजता येत नाहीत. हाताला मात्र कळतात.

हात तिथेच असू द्या.

डेस्कटॉप आला. साधा आहे. खाली एक पट्टी, एक मेनू. अर्धपारदर्शक खिडक्या नाहीत, आपोआप सरकणाऱ्या बातम्या नाहीत.

टर्मिनल उघडा. टॉप ही कमांड द्या.

आकडेच आकडे दिसतात. त्यांतला एकच धरा. तिसऱ्या ओळीत, ‘आयडी’ या दोन अक्षरांच्या आधीचा. प्रोसेसरचा किती टक्के वेळ मोकळा गेला, ते तो सांगतो.

आता ‘डी’ दाबा. ४ लिहा. एंटर.

यापुढे पडदा दर चार सेकंदांनी बदलेल. पडदा बदलला की श्वास आत घ्या. पुन्हा बदलला की सोडा.

९७. आत.

९८. बाहेर.

९८. आत.

मधेच ९१ होतो. का झाला, शोधत बसू नका. पुन्हा वर येतो.

हा मोकळा वेळ नुसता हिशेबापुरता नाही. काम नसलं की लिनक्सचा गाभा प्रोसेसरला थांबायला सांगतो, आणि प्रोसेसर खरोखर थांबतो. कळ दाबली गेली, घड्याळाचा ठोका पडला, की जागा होतो. काम उरकतो. परत थांबतो. ओहोटीला जेट्टीशी होड्या चिखलात टेकलेल्या असतात, तसाच. पाणी आलं की निघायचं.

एक कळ दाबा. नुसती एक. पुन्हा हात टेकवा.

पंख्याचा आवाज ऐका. कमी झालाय का?

याच लॅपटॉपला पूर्वी तुम्ही हातही लावलेला नसायचा, तरी पंखा घोंघावायचा. कुठलं अपडेट उतरत असायचं, कुठे फायलींची सूची बनत असायची. यंत्राला आपण मंद म्हणत होतो. ते भलत्याच कामात गुंतलेलं होतं.

डेस्कटॉप सांभाळायला लुबंटूत एलएक्सक्यूटी, अँटीएक्समध्ये आइसडब्ल्यूएम. दोन्ही थोडक्या मेमरीत राहतात. लिनक्सची सुरुवातच मुळी तशी. १९९१ साली हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने ते घरच्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर लिहिलं.

पुन्हा आकड्याकडे या.

९८.

थांबा इथे थोडं. जितका वेळ वाटेल तितका.

आता ब्राउझर उघडा. आकडा कोसळेल, पंखा जागा होईल. बघत राहा. प्रणाली हलकी झाली म्हणून वेबपानं हलकी होत नाहीत. हे कुणी आधी सांगत नाही, आणि मग माणसं लिनक्सवर चिडतात. दोन जीबी रॅम असेल तर एका वेळी एक-दोन टॅब, त्याहून अधिक नकोत.

एक टॅब राहू द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. खाडीपलीकडच्या पवईतून आलेला आवाज एकेक कमांड समजावतो. घाई नसते त्यात.

ऐका. मग टॅब मिटा.

आकडा हळूहळू वर येतोय. येऊ द्या.

‘क्यू’ दाबून टॉप बंद करा. भाषा मराठी, कीबोर्ड इनस्क्रिप्ट निवडा. ‘के’वर क आहे, ‘जे’वर र, ‘सी’वर म. दोन ओळी लिहून बघा. हाताला बरं वाटलं, तरच इन्स्टॉल करा. आणि त्याआधी डिस्कवरचे जुने फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.