सोशीक पाणी

इस्लामपुराहून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही कोयनेचे जे पाणी कराडला कृष्णेत मिसळून आमच्याकडे आले असते, त्यातले पुष्कळसे डोंगराच्या पोटातून पलीकडे उतरते, पोफळीला वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जाते. वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी असे पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली. त्यामुळे त्या खाडीशी आपले काही नाते आहे, असे मी मानतो.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकावर खाड्यांचे गणित मांडतो. दिवाळीत तो घरी आला, तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून त्याने मला ते समजावले. खाडीच्या नकाशावर हजारो लहान घरे पाडायची. प्रत्येक घराची खोली, भरती-ओहोटी, वरून येणारे नदीचे पाणी हे सारे लिहून घ्यायचे. एका घरातून गेलेले पाणी शेजारच्या घरात जमा झालेच पाहिजे. वाण्याच्या खतावणीसारखा चोख हिशेब. वाहण्याचे सूत्र सां-व्हनां या फ्रेंच अभियंत्याने १८७१ साली मांडले. घाणीमुळे पाण्यातला प्राणवायू कसा घटतो आणि पुन्हा कसा भरून येतो, याचे सूत्र स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीवरून काढले. मग खाडीत प्रत्यक्ष मोजमाप करून हिशेब पडताळायचा. तो जुळला की विचारायचे, येथे इतके सांडपाणी सोडले तर काय होईल?

"नदीत सोडलेले पुढे जाते, गुरुजी," तो म्हणाला. "खाडीत भरती ते दिवसातून दोनदा मागे आणते. म्हणून खाडी किती सामावून घेईल, ते आधी काढावे लागते. त्याला आम्ही क्षमता म्हणतो."

तो शब्द माझ्या मनातून जाईना. फार पूर्वी माझ्या वर्गात एक शांत मुलगा होता. पाणी भरणे, पटांगण झाडणे, दुसऱ्यांच्या चुकांचे बोल खाणे, सारे तो निमूट करी. "पोरगं सोशीक आहे," असे मी कौतुकाने म्हणत असे आणि आणखी एक काम सांगत असे. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही. तो किती सोसेल, हा माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. पण ते त्याच्यावर लादण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

सोसण्याची ताकद मोजता येते. सोसायला लावण्याचा हक्क त्या मोजमापातून निघत नाही. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून दाभोळच्याच खाडीत सोडले जाते. मासळी मेल्याची तक्रार खाडीकाठचे भोई वर्षानुवर्षे करीत आले आहेत. संगणकाच्या घरांत पाण्याची खोली असते, क्षार असतो, प्राणवायू असतो. रिकामे जाळे घेऊन परतणाऱ्या माणसाला तेथे घर नसते.

म्हणून गणितालाच दोष द्यावा काय? तसे मला वाटत नाही. लंडनची थेम्स १९५७ साली मृत नदी म्हणून गणली गेली होती. तिच्या खाडीचेही शास्त्रज्ञांनी असेच गणित मांडले, आणि पुढे सांडपाण्याची शुद्धिकेंद्रे सुधारली गेली. १९७४ साली तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. हिशेबाची रीत तीच, फक्त प्रश्न उलटा होता: किती सोडता येईल, असा नव्हे, तर किती रोखले पाहिजे, असा.

हे मी त्या विद्यार्थ्याला बोलून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला. "संगणक विचारलेल्याचेच उत्तर देतो, गुरुजी," तो म्हणाला. "आणि काय विचारायचे, ते आम्हाला वरून येते."

त्याचे म्हणणे खरे असेल. पण प्रश्न विचारणारा माणूसच असतो, आणि तो खाडीकाठी राहत नसतो. आम्हीही राहत नाही. आम्ही कृष्णेच्या काठचे; येथे टाकलेली घाण खालच्या गावाला जाते आणि आपण हात धुऊन मोकळे होतो. आपले टाकलेले दिवसातून दोनदा आपल्याच दारी परत आले असते, तर कृष्णा किती सोसेल, हे मोजायला आपण बसलो असतो काय?