गावाला मी काय दिलं?

नेवार्कहून मुंबईला थेट येणाऱ्या विमानात पंधरा तास बसून राहावं लागतं. पहिलं जेवण झालं की दिवे मंद होतात, आणि मग स्वतःच्या मनाला चुकवायला जागा उरत नाही. या विमानात लेकीची, सुनेची बाळंतपणं उरकून परतणारे आईवडील पुष्कळ असतात. या खेपेला शेजारी मंचरकडच्या एक आजी होत्या. लोकरीच्या मोज्यांतून जोडव्यांचा उंचवटा दिसत होता. पट्ट्याचा खटका त्यांना उघडेना, तो मी काढून दिला, तेवढ्यावर ओळख झाली.

"गावी कोण असतं रे?"

"आई असते. नारायणगावजवळ."

"एकलीच?"

"नाही, रान वाट्यानं दिलंय. वाटेकरी तिथंच राहतो, बायकापोरांसह."

"उसात?"

मी हो म्हणालो. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या भागात या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणं झाली, कालव्याला पाणी आलं, ऊस वाढला. त्या उसात बिबट्याच्या पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीला येते. ती आली की अंधारात दारं धरायला कुणीतरी जावंच लागतं. ऊस माझा आहे, पण तो कुणीतरी मी नसतो.

आईच्या काळजीपोटी मी घराला लोखंडी जाळी मारून घेतली, अंगणात कॅमेरे बसवले. तिकडे दुपारचं जेवण चाललेलं असताना इकडची रात्र मी फोनवर पाहतो. एकदा बिबट्या तुळशीवृंदावनाला वळसा घालून गेला. कुत्रं ओसरीत अंग चोरून बसलं होतं. मी ताबडतोब आईला फोन केला, दार उघडू नकोस म्हणून बजावलं, आणि ती आत सुखरूप आहे हे कळल्यावर निवांत झालो. वाटेकऱ्याला फोन करायचं मला सुचलं नाही. त्याचं पत्र्याचं खोपट बांधाच्या पलीकडे आहे. तिथे कॅमेरा पोचत नाही. त्याच्या घरात संडास नाही, म्हणून पोरं उसाच्या कडेला बसतात. हे मला माहीत होतं. माहीत असूनही गावासाठी खूप केलं असं मी चारचौघांत सांगत आलो, आणि ते मला खरंही वाटत होतं.

आजी झोपल्यावर मी हिशेब मांडला. घर, जाळी, कॅमेरे, विहिरीवरची नवी मोटर. यातला एकेक रुपया माझ्या घराच्या आणि माझ्या झोपेच्या कामी आला होता. हिशेब मांडताना जुन्नरची लेणी आठवली. शाळेच्या सहलीत गुरुजींनी तिथल्या ब्राह्मी लेखांबद्दल सांगितलं होतं. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि त्या वाटेने परदेशी माणसंही यायची. लेखांत यवन म्हणवणारे तीन दाते आहेत. चंद याने लेण्याच्या कामाला दान दिलं, चिटाने संघाला भोजनमंडप दिला आणि इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी. ही माणसं दुरून आलेली. तरी ज्यांच्याशी नातं नाही, त्यांच्या तहानभुकेची सोय त्यांनी केली. माझा तर जन्मच इथला. माझ्या रानात राबणाऱ्या माणसाच्या पाण्याचा, संडासाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

मुंबईला उतरलो, माळशेजमार्गे घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. वाटेकऱ्यासाठी विटांच्या दोन खोल्या, घराला लागून संडास, बाहेर दिवा. विहिरीवर सौरपंप आणि उसाला ठिबक, म्हणजे पाणी दिवसा देता येईल आणि रात्री दारं धरायला जावं लागणार नाही. सगळं मिळून नवी गाडी घेण्यापेक्षा कमीच खर्च आहे.

जुन्नर-आंबेगावची माझ्यासारखी परदेशात राहणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांच्याही शेतावर कुणाचं ना कुणाचं खोपट असेल. पुढच्या फोनवर आईवडिलांची चौकशी झाली की त्या खोपटाला संडास आहे का आणि रात्री पाणी धरायला कोण जातं, एवढं विचारा. उत्तर मिळाल्यावर पैसे तिकडे पाठवा.